गाठीभेटी

श्रावणातल्या एका सकाळी दाढी करताना मानेच्या उजव्या बाजूला बोराएवढी गाठ हाताला लागली. महाडच्या डॉक्टरांनी ती चाचपली, सरकते का पाहिली आणि विचारलं, "दुखते?"

"अजिबात नाही," मी जरा ऐटीतच म्हणालो.

डॉक्टर गप्प झाले. न दुखणं हीसुद्धा तक्रार असू शकते, हे मला अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं.

"तुकडा काढून पुण्याला पाठवू. आठ-दहा दिवस धरून चाला."

तुकडा तवशाच्या बीएवढा. प्लास्टिकच्या छोट्या डबीत, पाण्यासारख्या दिसणाऱ्या फॉर्मालिनच्या बुडाशी पडून होता. डबीला चिकटपट्टी, तिच्यावर माझं नाव आणि आडनावात एक वेलांटी चुकलेली. मी ती तिथल्या तिथे दुरुस्त करून घेतली. दुसऱ्याचा रोग आपल्या नावावर नको. आपला दुसऱ्याच्या नावावर गेला तर काय हरकत आहे, असंही एकदा मनात येऊन गेलं. खोटं कशाला बोलू?

वरंधा घाट पावसामुळे बंद. त्यामुळे डबी माणगावहून ताम्हिणीमार्गे निघाली. माझी मान पोलादपुरात आणि तिचा तुकडा मुळशीचं धरण बघत पुण्याला.

एवढे दिवस का लागतात, तेही विचारून घेतलं. तुकडा आधी फॉर्मालिनमध्ये मुरावा लागतो, लोणच्यासारखा. मग अल्कोहोलने त्यातलं पाणी काढायचं, तो मेणात बसवायचा, त्या मेणाच्या वडीचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काढायचे, त्यांना जांभळा-गुलाबी रंग द्यायचा आणि मग सूक्ष्मदर्शकाखाली धरायचे. कुठे शंका आलीच तर आणखी वेगळे रंग. हे सगळं दोन-तीन दिवसांचं काम. बाकीचे दिवस रिपोर्टचं घोडं कुठे पेंड खात असतं, ते कोणी सांगितलं नाही.

घरी मात्र रिपोर्ट दुसऱ्या दिवसापासूनच यायला लागले. माणसं येत, खुर्चीवर बसत, माझ्या चेहऱ्याकडे न बघता मानेकडे बघत आणि म्हणत, "साधीच असेल हो." गाठीच्या दोनच जाती: साधी आणि 'तसली'. 'तसली'चं नाव कोणी घेत नाही. जिभेवरून घरात शिरते की काय! मुंबईच्या चुलतभावाने फोनवर धीर दिला, "घाबरू नकोस, टाटाला ओळख आहे." मुंबईतल्या प्रत्येक पोलादपूरकराची टाटाला ओळख असते. खोलात गेलं की ती लिफ्टमनपाशी थांबते.

कापड्याची मावशी तवसं घेऊन आली. मानेला हात लावून म्हणाली, "गंडमाळ आहे ही. आमच्या सासऱ्यांना होती." बायकोने तिला चहा दिला आणि विषय बदलला.

मी तोवर टिकून होतो. पाचव्या दिवशी टाके दाखवायला महाडला गेलो. स्टँडावरून नेणाऱ्या रिक्षावाल्याला पैसे द्यायला लागलो, तर तो म्हणाला, "राहू द्या काका." महाडचा रिक्षावाला पैसे नको म्हणतो! तेव्हा मात्र माझे हातपाय गार पडले.

हातपाय गार पडण्यावरून आठवलं. माणूस तडकाफडकी रोग ओळखून मोकळा होऊ शकतो किंवा दुसऱ्याच्या रिपोर्टची वाट बघू शकतो. तिसरा मार्ग याच महाड तालुक्यात काढला गेला. १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात हिम्मतराव बावस्कर नावाचा तरुण डॉक्टर रुजू झाला. लाल विंचवाने माणसं मरत होती. विषबाधा गंभीर झाली, तर शंभरातली चाळीसेक जात. विंचवाचा काही रिपोर्ट नसतो. पुण्याला डबी पाठवून उपयोग नाही, डबी ताम्हिणीत पोचेपर्यंत पेशंट वर. मग हा गृहस्थ खाटेजवळ बसून राहिला. घाम कधी सुटला, ओकारी कधी झाली, हातपाय कधी गार पडले, नाडी काय म्हणते, सगळं तासातासाला लिहून ठेवत गेला. हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं, ते त्यातून हाती लागलं. मग रक्तदाबावरची प्राझोसिनची साधी गोळी कामी आली आणि चाळीसाचा आकडा एकाच्या आसपास उतरला. लॅन्सेटने ते छापलं. २०२२ साली पद्मश्रीही पोचली. सरकारी रिपोर्टांचा वेग पाहता, लवकरच म्हणायची.

हेच डॉक्टर २०१३ साली वेगळ्याच कारणाने गाजले. त्यांनी एमआरआयला पाठवलेल्या पेशंटपोटी पुण्यातल्या एका तपासणी केंद्राने त्यांच्या नावे १,२०० रुपयांचा चेक धाडला. कशाबद्दल? तर म्हणे व्यावसायिक फी. त्यांनी तो परत केला आणि वर महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. पुढे २०१७ साली सरकारने या कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदा तयार केला. तो मसुदाच राहिला. त्याचाही तुकडा कुठेतरी मुरत असावा.

तर अशा मुलखात मी दिवस मोजत होतो. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, पेशंटची फाईल काखेत. पोलादपूरचा माणूस आधी महाडला जातो, महाडवाले माणगाव दाखवतात, माणगाव पनवेलकडे बोट करतं. जिल्ह्याचं रुग्णालय अलिबागला, म्हणजे आमच्यापासून शंभर किलोमीटरच्या पलीकडे. आजार वाढतो तसतसा माणूस समुद्राच्या नाहीतर मुंबईच्या दिशेने सरकत जातो. पावसाळ्यात तर आमचा रोगसुद्धा घाट सुरू आहे का, ते विचारून निघतो.

अकराव्या दिवशी मोबाईल वाजला. रिपोर्ट. दोन पानं इंग्रजी. मी थेट तळ गाठला, लहानपणी निकालपत्रकात गाठायचो तसा. तिथे लिहिलेलं: टीबीकडे निर्देश करणारं चित्र आणि खाली 'प्लीज कोरिलेट क्लिनिकली'. म्हणजे, आम्हाला असं वाटतं, पण तुमच्या डॉक्टरांना विचारा. डॉक्टर अकरा दिवस म्हणत होते, रिपोर्ट काय म्हणतो ते बघू. शेवटी त्यांनी मान पुन्हा चाचपली, रिपोर्ट पुन्हा वाचला आणि सांगितलं, "टीबीची गाठ. सहा महिने गोळ्या. सरकारी, फुकट. पोषणासाठी महिन्याला हजार रुपये खात्यात येतील ते वेगळे."

"टीबीच आहे!" बायकोने देवापुढे साखर ठेवली. माझ्या आजोबांच्या काळी याच निदानावर माणसाची खाट गोठ्यात हलवत. चुलतभावाने फोनवर अभिनंदन केलं. टाटाची ओळख वाया गेल्याचं वाईट वाटलं असावं, पण बोलला नाही.

ही मानेतली गाठ, फुप्फुसातला टीबी नव्हे, कोणाला लागायची नाही, असं डॉक्टरांनी बजावून सांगितलं होतं. मीही ते सगळ्यांना सांगितलं. पण 'तसली' असण्याच्या शक्यतेवर जी खुर्ची अकरा दिवस रिकामी नव्हती, तिच्यावर साध्या निदानानंतर कोणी फिरकलं नाही. शेजारच्या काकू कुंपणापलीकडूनच विचारतात. तोंडाला पदर.

आली ती एकटी मावशी. तवसं ठेवलं, खुर्ची ओढून अगदी जवळ बसली.

"गंडमाळ म्हणजे टीबीच ना रे? डॉक्टरीण म्हणाली होती सासऱ्यांच्या वेळी."

"हो."

"मग मी पहिल्या दिवशी काय बोलले होते?" मावशी म्हणाली, "फी नाही घेतली ना, म्हणून."