शिवाजी पार्कात सुट्टी: कच्च्या लिंबांसाठी मार्गदर्शिका

वार्षिक परीक्षा संपल्यावर चौथ्या दिवशी जे मूल पंख्याखाली आडवं पडून "कंटाळा आला" असं जाहीर करतं, त्या मुलाच्या पालकांसाठी ही मार्गदर्शिका आहे. मूल स्वतः ती वाचणार नाही, हे गृहीत धरलेलं आहे. पार्कात जायला फॉर्म भरावा लागत नाही, मुलाखत होत नाही, दोन पासपोर्ट साइज फोटोही लागत नाहीत. नेमकं म्हणूनच बरेच सुशिक्षित लोक तिथे गोंधळून उभे राहतात. त्यांनी खालील धडे क्रमाने गिरवावेत.

धडा पहिला: जागेची ओळख

पार्क म्हणजे फुलं, कारंजी आणि "हिरवळीवर चालू नये" अशी पाटी, ही कल्पना घेऊन आलात तर ती कट्ट्याबाहेरच ठेवा. दादरचा शिवाजी पार्क नावाने पार्क आणि कामाने मैदान आहे. महापालिकेने तो 1925 साली खुला केला तेव्हा त्याचं नाव माहीम पार्क होतं. नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या आग्रहावरून 1927 मध्ये ते शिवाजी पार्क झालं. 2020 पासून अधिकृत नाव "छत्रपती शिवाजी महाराज पार्क" असं आहे. दादरकर मात्र नुसतं "पार्कात जातो" म्हणतात. कुठल्या पार्कात, असं विचारणारा बाहेरगावचा हे लगेच ओळखतात.

पहिल्या दिवशी खेळायचं नाही. बाहेरून एक फेरी मारायची. ती साधारण 1.2 किलोमीटर भरते. वाटेत शिवाजी पार्क जिमखाना, समर्थ व्यायाम मंदिर, उद्यान गणेशाचं मंदिर, महाराजांचा पुतळा, स्काउट हॉल आणि नाना-नानी पार्क लागतात. ही सगळी मंडळी कडेला बसली आहेत आणि मधले बरेचसे एकर मोकळे आहेत, एवढं लक्षात आलं की पहिला धडा पूर्ण झाला. फेरीत घाम येईल. तो व्यायामाचा नसून मे महिन्याचा आहे. व्यायामाचा वेगळा येतो.

धडा दुसरा: वेळ

सकाळी सहाला या. त्या वेळी सगळं मैदान आपलंच असेल असं वाटत असेल, तर तो समज दूर होण्यासाठीही सहालाच या. चालणारे, पळणारे, हास्यक्लबवाले आणि रात्री झोपलेच नव्हते अशी शंका येणारे ज्येष्ठ नागरिक तुमच्या आधी आलेले असतात. साडेसातपर्यंत नेट लागतात, नऊनंतर ऊन लागतं. दुपारी बारा ते चार हा काळ शहाण्यांनी घरी काढावा. त्या उन्हात मैदानात दिसणारी चार-पाच मुलं घरून हाकललेली तरी असतात, नाहीतर पुढे रणजी खेळणारी. संध्याकाळचं सत्र साडेचारला सुरू होतं आणि "बॉल दिसत नाही" या वाक्याला बहुमत मिळेपर्यंत चालतं.

एक तारीख नवखे हमखास विसरतात: 1 मे. त्या दिवशी महाराष्ट्र दिनाचं शासकीय संचलन इथेच होतं आणि त्याची तयारी आधीपासूनच चालू असते. किटबॅग घेऊन पोचलात तर पोलीस आदराने परत पाठवतील.

धडा तिसरा: साहित्य

आवश्यक वस्तू: टोपी, पाण्याची मोठी बाटली आणि जुने बूट. पालक प्रत्यक्षात खरेदी करतात त्या वस्तू: बॅट, पॅड, ग्लोव्ह्ज, हेल्मेट, थायपॅड, एल्बो गार्ड, पांढरे शुभ्र कपडे आणि हे सगळं मावेल अशी किटबॅग. या किटबॅगेला चाकं असतात. मूल ती ओढतं की ती मुलाला ओढते, हे लांबून सांगता येत नाही.

पांढऱ्या कपड्यांबद्दल एक इशारा. इथल्या मैदानात लाल माती आहे. ती उडते, आजूबाजूच्या घरांत जाते आणि रहिवाशांच्या तक्रारींतून वर्षानुवर्षं महापालिकेपर्यंतही जाते. पाणी मारून झालं, गवत लावून झालं, मातीचा वरचा थर काढायचा की ठेवायचा यावर वादही झाले. तेव्हा तुमची धुण्याची पावडर कोणतीही असो, मातीची बाजू वरचढ आहे. पहिल्याच आठवड्यात पांढरा शर्ट गेरूच्या रंगाचा होतो, आणि पोरगा आता जुना वाटायला लागला असं बाकीची मुलं ठरवतात.

धडा चौथा: क्रिकेटचं शिबिर

मुलाचं नाव घातलंत म्हणजे त्याला बॅटिंग मिळेल असं नाही. क्रम असा असतो: आधी मैदानाच्या फेऱ्या, मग कॅचिंग, मग ग्राउंड फील्डिंग, मग बॉलशिवाय बॅट फिरवणं, म्हणजे शॅडो. यात सुट्टीचा बराचसा भाग जातो. नेटमध्ये पॅड बांधून उभं राहायची पाळी येते तेव्हा मागे इतकी मुलं पॅड बांधून बसलेली असतात की पहिला फटका मारताच "झालं रे, चल!" अशी हाक येते. सरांना नावं उशिरा पाठ होतात. "ए पिवळी टोपी, गुडघा वाकव!" हे आपल्याच मुलाला उद्देशून आहे, हे ओळखण्यासाठी टोपी बदलू नये.

पालकांनी सरांना पहिल्या पंधरवड्यात "सर, याच्यात काही दिसतं का?" असं विचारू नये. जे दिसतं ते सर सौजन्यापोटी सांगत नाहीत.

आता नाण्याची गोष्ट. रमाकांत आचरेकर सर याच मैदानावर सचिन तेंडुलकरकडून सराव करून घेत. तो दमला की स्टंपवर एक रुपयाचं नाणं ठेवत. जो त्याला बाद करील त्याला नाणं, कोणालाच जमलं नाही तर ते सचिनचं. ही गोष्ट कट्ट्यावर तुम्हाला रोज ऐकवली जाईल. नवखे पालक ती ऐकून घरी जाताना खिशात नाणं शोधतात. त्यांच्या ध्यानात येत नाही की गोष्टीतलं महत्त्वाचं पात्र नाणं नसून दमल्यावरही नेटमधून न हटणारा मुलगा आहे. आपला मुलगा दमल्यावर काय करतो ते आधी पाहावं. गोळेवाल्याकडे जात असेल तर नाणं त्यालाच द्यावं.

धडा पाचवा: जागा पकडणं

हा या मार्गदर्शिकेतला सर्वांत अवघड धडा आहे, आणि तो कुठल्याच शिबिरात शिकवत नाहीत.

रविवारी सकाळी मैदानाच्या मधोमध उभे राहा. तुमच्या डावीकडे सीझन बॉलची मॅच चालू आहे. उजवीकडे टेनिस बॉलची. समोर फुटबॉल. मागे एक गट वन टप्पा आउट खेळतो आहे, ज्याचा स्टंप म्हणजे चपलांचा ढीग. एका मॅचचा डीप मिडविकेट दुसऱ्या मॅचच्या पॉइंटला पाठ लावून उभा आहे. दोघांची ओळख नाही. दोघंही आपापल्या बॅट्समनकडे बघत आहेत. तेवढ्यात डावीकडून बॉल येतो आणि "काका, बॉल!" अशी आरोळी उठते. उजवीकडचा पॉइंट स्वतःच्या मॅचमधली नजर न काढता पायाने बॉल अडवतो, उचलतो, मागे न बघता भिरकावतो आणि पुन्हा गुडघ्यांवर हात ठेवतो. आभार मानले जात नाहीत. अपेक्षाही नसते.

हे सगळं अलिखित नियमांवर चालतं. नवख्यांसाठी ते लिहून देतो:

1. दुसऱ्याचा बॉल आला की परत फेकायचाच. तो ठेवून घेणारा पुढच्या रविवारी स्वतःच्या बॉलसाठी गटारापर्यंत एकटा धावतो.
2. कोणाचा रनअप चालू असेल तर त्याच्या वाटेतून चालायचं नाही. थांबायचं. तो नो बॉल टाकून परत फिरला तरी पुन्हा थांबायचं.
3. जो आधी आला त्याचं पिच. आधी आल्याचा पुरावा म्हणजे पुरलेला स्टंप. कोणी "आम्ही इथे 20 वर्षं खेळतोय" म्हणालं, तर वाद घालू नये. ते खरं असतं.
4. माणसं कमी पडली तर शेजारच्या गटातून उसनी घ्यावीत. माणसं विषम झाली तर एकाला दोन्ही बाजूंनी खेळवावं. लहान असेल तर कच्चा लिंबू करावं: त्याला बॅटिंग मिळते, तो आउट होत नाही, आणि त्याचे रन कोणी मोजत नाही. आयुष्यात इतकी सोय पुन्हा मिळत नाही, म्हणून त्याने घाईने पक्कं होऊ नये.

धडा सहावा: मल्लखांब

क्रिकेटमध्ये पाळी येत नाही असं मूल म्हणालं की त्याला मैदानाच्या कडेला समर्थ व्यायाम मंदिरात न्यावं. पार्क खुला झाला त्याच 1925 सालची ही संस्था. इथे सागवानी खांबाला एरंडेल चोळलेलं असतं. शहाणी माणसं पकड बसावी म्हणून वस्तू कोरडी करतात. इथे आधी ती बुळबुळीत करून मग तिच्यावर चढायला सांगतात. नवख्याचा पहिला आठवडा खाली घसरण्यात जातो, त्याचं दुःख मानू नये. पेशवाईत बाळंभटदादा देवधरांनी या विद्येला नवं रूप दिलं तेव्हाही शिष्य घसरतच असणार.

मग साधी अढी जमते: मांड्यांनी खांब धरायचा, हात मोकळे. मग तेढी, बगली, दसरंग. दोरीच्या मल्लखांबात पायाचा अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यात दोरी धरावी लागते. इतकी वर्षं ही दोन बोटं चपलेसाठी आहेत असं वाटत होतं, तो गैरसमज इथे मिटतो. संस्थेचे उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांनाही मल्लखांब शिकवला, परदेशांतूनही माणसं शिकायला आली. त्यांना 2024 मध्ये पद्मश्री मिळाली. 2019 च्या फेब्रुवारीत मल्लखांबाची पहिली जागतिक स्पर्धा याच शिवाजी पार्कात झाली. तेव्हा आपल्या मुलाने "हे आउटडेटेड आहे" म्हटलं, तर त्याला खांबापाशी उभं करावं आणि चढ म्हणावं. पुढची चर्चा आपोआप थांबते.

धडा सातवा: कट्टा

पालकांसाठी हा एकमेव मैदानी खेळ. सावली पाहून पर्जन्यवृक्षाखाली बसावं. इथे मुलांच्या खेळाचं समालोचन करायला हरकत नाही, पण ते मुलांना ऐकू जाऊ देऊ नये. "पुल कर, पुल!" असं कट्ट्यावरून ओरडणाऱ्या बाबांचा मुलगा पुढच्या बॉलला हटकून बोल्ड होतो. मैदानात पाण्याची बाटली घेऊन जाणाऱ्या आईमुळे मुलाची पत किती घसरते, हे त्याला विचारून पाहा. तो सांगणार नाही, पण दुसऱ्या दिवशी बाटली स्वतः आणेल.

खाण्याचा क्रम असा: खेळाआधी काही नाही, खेळानंतर आधी पाणी, मग ताडगोळे किंवा कोकम सरबत, मग मुलाला हवा असलेला कालाखट्टा. शेवटच्या पदार्थाची जिभेवरची साक्ष घरी पोचण्याआधी पुसली जात नाही. खोटं बोलू नये.

शंकासमाधान

*हा भाग शांतता क्षेत्र आहे म्हणतात. मग एवढा आवाज कसा?*
2010 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने हे शांतता क्षेत्र ठरलं, ते सभांच्या भोंग्यांमुळे. "हाउज्झॅट"ला लाउडस्पीकर लागत नाही.

*मुलाला खेळात गती नसेल तर?*
गतीशी संबंध नाही. मैदानात अकराजणांची एक टीम पूर्ण व्हायला तेरा फोन करावे लागतात.

*एसी हॉलमधलं व्यक्तिमत्त्व विकास शिबिर जास्त चांगलं नाही का?*
तिथे आत्मविश्वासावर पॉवरपॉइंट असतं. इथे पंधरा अनोळखी मुलांना "मला घेता का?" असं विचारावं लागतं.

*शिबिर संपल्यावर काय?*
हाच प्रश्न विचारायला हवा होता. शिबिर संपलं की पांढरे कपडे, किटबॅग आणि पालक एकदम घरी जातात. मैदान तिथेच राहतं आणि त्याला फी नसते.

अखेरची सूचना

मुंबईत माणशी मोकळी जागा जेमतेम सव्वा चौरस मीटर येते असं सांगितलं जातं. एवढ्या जागेत स्टान्स घेता येतो, बॅट फिरवता येत नाही. जी थोडी मैदानं उरली आहेत त्यांच्याकडे बघून कोणाला तरी सतत तिथे मांडव, पार्किंग, स्मारक किंवा सुशोभीकरण सुचत असतं. ज्या मैदानात पहाटे सहापासून बॉल दिसेनासा होईपर्यंत माणसं असतात, तिथे ते सुचवायला जरा जास्त धीर लागतो. एकमेकांच्या मॅचमध्ये घुसणारे, पिचवरून भांडणारे, "काका, बॉल" ओरडणारे हे सगळे मिळून ती जागा राखत असतात, आणि त्यासाठी त्यांना कोणी पगार देत नाही.

तेव्हा या रविवारी सहाला या. खेळता येत नसेल तरी चालेल, फील्डिंगला उभे राहा. एक माणूस नेहमीच कमी असतो.