दोनशे आठ वॅटची पिकअप

मालवाहू गाडीत कंपनी जो टेप बसवून देते, तो ऐकण्यासाठी नसतो. डॅशबोर्डला पडलेलं भोक दिसू नये म्हणून असतो. गाडी बनवणाऱ्यांचं म्हणणं सरळ असावं. ही टनभर माल ओढणारी गाडी, तिच्यात बसणाऱ्याला कान कशाला हवेत? हात हवेत, पाय हवेत आणि हप्ता कापून घ्यायला बँकेत खातं हवं. म्हणून दाराचं पॅनेल उघडलं की आत पातळ कागदाचा स्पीकर निघतो आणि त्याच्या पाठीला जेमतेम डोळ्यांना दिसेल एवढं लोहचुंबक.

असली एक पिकअप माझ्या मेहुण्याकडे आहे. मेहुणा नारायणगावचा. हंगामात टोमॅटोचे क्रेट भरून गाडी रात्री वाशी मार्केटला निघते. आळेफाटा, ओतूर, माळशेज घाट, मुरबाड, कल्याण असा रस्ता, आणि पहाटेपर्यंत डोळा लागू द्यायचा नाही. जागं राहायला ड्रायव्हरकडे तीन उपाय : चहा, तंबाखू आणि गाणी. चहाला पोटाचा विरोध, तंबाखूला घरच्यांचा. राहता राहिली गाणी, आणि त्यांना विरोध गाडीचा. इंजिनाची घरघर, खिडकीतून येणारा वारा आणि मागे क्रेटांचा खडखडाट यांतून गायकानं तोंड काढायचं म्हणजे गर्दीच्या वेळी कल्याणला लोकलमधून उतरण्यातला प्रकार.

"दाजी, टेपचं बघा कायतरी. पाच हजारात बसवा," मेहुणा म्हणाला.

मी पुण्यात ज्युनियर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. सासुरवाडीच्या समजुतीप्रमाणे फिजिक्स म्हणजे मिक्सर, बोअरची मोटर, इन्व्हर्टर आणि टेप. जावई हाताशी असताना वायरमनला पैसे द्यायचे, हा त्यांना सरळसरळ अपव्यय वाटतो.

पाच हजारांचा आकडा जाहीर होताच प्रत्येकाच्या मागण्या आल्या. मेहुण्याला नऊ इंची स्क्रीन हवी होती. ड्रायव्हरला सीटमागे बास ट्यूब हवी होती, तीही निळे दिवे लागणारी. मेहुण्याच्या बायकोला, गाडी अंगणात उभी असताना ज्याचा आवाज माजघरात येणार नाही, असा टेप हवा होता. आणि नाना, म्हणजे माझे सासरे, एवढंच म्हणाले, "ढोलकी ऐकू आली पायजे. बाकी तुमचं तुम्ही बघा."

ही मागणी दिसते तेवढी साधी नव्हती. नारायणगावला तमाशाची पंढरी म्हणतात. विठाबाई नारायणगावकरांचं हे गाव. जत्रांचा हंगाम तोंडावर आला की इथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपाऱ्या ठरवायला येतात. नानांचं सगळं तरुणपण या राहुट्यांच्या अवतीभवती गेलं. शेतीत त्यांचं किती लक्ष होतं यावर घरात मतभेद आहेत. तमाशातल्या लक्षाबद्दल एकमत आहे. उजव्या पुडीची कडक थाप आणि डाव्या पुडीचा घुमारा यांत कसूर झाली तर त्यांना ती अंथरुणात पडल्या पडल्या कळते. ध्वनी मोजायची यंत्रं हजारो रुपयांना मिळतात. आमच्याकडे ते यंत्र चहा-भाकरीवर चालत होतं.

खरेदीला मी आणि मेहुणा नाना पेठेत गेलो. दुकानदारानं काउंटरवर एक चकचकीत डबा ठेवला. दर्शनी बाजूला मोठ्या अक्षरांत : ५२ वॅट गुणिले ४.

"दोनशे आठ वॅट, साहेब. काचा हलतील."

पिकअपच्या काचा आधीच हलत होत्या, त्यासाठी पैसे मोजायची गरज नव्हती. पण माझ्यातला मास्तर जागा झाला. मी बिलाच्या पाठीवर गणित मांडलं. गाडी चालू असताना बॅटरीच्या टोकांवर मिळतात फार तर १४.४ व्होल्ट. त्याचा वर्ग २०७.३६. स्पीकरचा अडथळा ४ ओहम, त्यानं भागा : ५१.८४. आले बावन्न वॅट! पण हे बावन्न कधी मिळतील? टेप आपली सगळी ताकद सतत, क्षणाचीही उसंत न घेता, चौकोनी लाटेत ओतत राहिला तर. चौकोनी लाट म्हणजे संगीत नव्हे, ती कर्कश भर्र. गाण्याच्या वळणदार लाटेला त्याच्या निम्मे, म्हणजे २६ वॅट, आणि तेही कागदावर. आतला तोटा वजा जाता हातात येतात अठरा-वीस.

"आणि हे बघा," मी डबा उलटा केला, "मागे फ्यूज १० अँपिअरचा. दहा गुणिले १४.४ म्हणजे १४४ वॅट. जो डबा बॅटरीतून १४४ च्या वर सतत ओढू शकत नाही, तो बाहेर २०८ कुठून देणार?"

दुकानदार शांतपणे ऐकून घेत होता. असे मास्तर त्याच्याकडे अधूनमधून येत असावेत. मग तो मेहुण्याकडे वळून म्हणाला, "फ्यूज मोठा टाकून देऊ का?"

फ्यूज मोठा टाकल्यानं वॅट वाढत नाहीत. फक्त वायर जळायची वेळ आली की आधी वायर जळते आणि फ्यूज बघत बसतो. हे समजावण्यात अर्धा तास गेला. तेवढ्या वेळात मेहुण्यानं स्क्रीनवर दोन गाणी पाहूनही घेतली.

स्वस्तात चांगला आवाज हवा असेल तर डब्याकडे पाठ करून स्पीकरच्या खोक्यावरची बारीक अक्षरं वाचावीत, हे मात्र कोणी सांगत नाही, कारण त्यात विकणाऱ्याचा फायदा नाही. तिथे डेसिबलमध्ये संवेदनशीलता लिहिलेली असते. एका जोडीवर ८८ होती, दुसरीवर ९१. फरक तीनाचाच, पण तीन डेसिबल म्हणजे दुप्पट वॅट. ८८ च्या स्पीकरला वीस वॅट देऊन जो आवाज मिळतो, तो ९१ चा स्पीकर दहा वॅटमध्ये काढतो. मी ९१ ची जोडी उचलली. दिसायला काळी, साधी, दिवा नाही, सोनेरी जाळी नाही. मेहुण्याचा चेहरा, मुलगी बघायला नेऊन तिच्या आत्याशी गप्पा मारायला बसवल्यासारखा झाला. टेप कंपनीचाच ठेवायचा हे ऐकल्यावर तर तो परतीच्या वाटेवर मंचरपर्यंत बोलला नाही.

बसवायला आळेफाट्याचा एक वायरिंगवाला घरी बोलावला. पॅनेल काढल्यावर दाराची खरी अवस्था कळली. आतल्या पत्र्याला हात जाईल एवढाली भोकं. स्पीकरचा कागद पुढे सरकतो तेव्हा पुढची हवा दाबली जाते आणि मागची विरळ होते. मधे आडोसा नसेल तर पुढची हवा भोकांतून सरळ मागे जाते आणि हिशोब मिटतो. बारीक आवाज यातून निसटून कानाशी येतात. जाड आवाज जागच्या जागी मरतात. ढोलकीची डावी पुडी मरायची ती इथेच.

यासाठी गाड्यांच्या दुकानात खास चकत्या मिळतात आणि त्यांचे भावही खास असतात. पण पत्र्याचं छप्पर गळू नये म्हणून बुटाइलची रुपेरी पट्टी मिळते, तिचा गुण तोच. हार्डवेअरच्या दुकानातून एक रीळ आणलं. डांबराची पट्टी आणखी स्वस्त होती, पण मेच्या उन्हात दारातून डांबर ओघळलं असतं आणि केबिनभर रस्त्याच्या कामाचा वास सुटला असता. भोकं बुजवली, पत्र्यावर पट्ट्या दाबल्या आणि दार लावून पाहिलं. एरवी "खण्" वाजणारं दार "थप्" वाजलं. मेहुणा चार वेळा उघडझाप करून म्हणाला, "दाजी, लक्झरी गाडीचा आवाज आला की!" स्पीकर अजून जोडलाही नव्हता.

जोडल्यावर नानांना मधल्या सीटवर बसवलं आणि लावणी लावली. नानांनी डोळे मिटले. कपाळावर आठी आली.

"गाणारीण आली. पेटी आली. ढोलकीवाला जेवायला गेलाय का?"

वायरिंगवाला म्हणाला, "बास वाढवतो." बास वाढवला. "जेवतोयच अजून," नाना म्हणाले.

एवढं नेमकं निदान माझ्या प्रयोगशाळेतल्या कुठल्याही उपकरणानं केलं नसतं. दोन स्पीकरांपैकी एकाच्या वायरी उलट्या असल्या की एकाचा कागद पुढे येतो तेव्हा दुसऱ्याचा मागे जातो, आणि मधल्या सीटवर जाड आवाज एकमेकांना खाऊन टाकतात. बहुतेक टेपांत वायरींच्या रंगांचा रिवाज ठरलेला असतो : डाव्या पुढच्या स्पीकरला पांढरी, उजव्याला करडी, आणि काळी रेघ ज्या वायरीवर ती उणे. पण या गाडीत पूर्वी कोणा फिटरनं मूळच्या वायरी कापून हाताला लागेल त्या रंगाचे तुकडे जोडले होते. रंगावर विश्वास ठेवायची सोय नव्हती.

मग मी भिंतीवरच्या घड्याळातला सेल काढून आणवला. टेपकडची वायर सोडवायची, सेलचं अधिक टोक एका वायरीला, उणे दुसरीला, क्षणभर टेकवायचं. "टक्" असा आवाज येतो आणि कागद हलतो. बाहेर आला तर ती वायर अधिकाची. दाराशी पाच डोकी वाकली. डावा कागद बाहेर आला. उजवा आत गेला. वायरी अदलाबदल करून चिकटपट्टी मारली आणि लावणी पुन्हा लावली. नानांची मांडी आपोआप ताल धरू लागली. खर्च शून्य, फक्त घरच्या घड्याळात त्या दिवशी रात्रीपर्यंत सव्वाअकराच वाजलेले होते.

एक भानगड उरली होती. मोबाइल चार्ज करायला लावला की रेडिओवर खरखर सुरू व्हायची. ड्रायव्हर म्हणाला, "घाटात रेंज नसती." ते खरंच आहे, एफएमच्या लहरी सरळ रेषेत जातात, त्यांना माळशेजचे डोंगर आडवे येतात. पण आम्ही उभे होतो नारायणगावात. इथून जवळ खोडदला रेडिओ दुर्बीण आहे, जीएमआरटी. ४५ मीटर व्यासाच्या तीस ताटल्या अब्जावधी प्रकाशवर्षं दूरच्या आकाशगंगांची कुजबुज टिपतात. त्या गावच्या शेजारी उभ्या गाडीला पुण्याचं स्टेशन लागू नये! दोष होता रस्त्याकडेच्या टपरीवरून घेतलेल्या चार्जरचा. त्याच्या आतलं स्वस्त सर्किट सेकंदाला हजारो वेळा चालू-बंद होतं आणि त्याचा गोंगाट रेडिओत शिरतो. बरा चार्जर घेतला आणि निवेदिका स्पष्ट बोलू लागली. जुना चार्जर खोडदच्या बाजूला नेऊ नका, असं मी बजावलं. शास्त्रज्ञांना उगाच नवा तारा सापडायचा.

एकूण हिशोब : स्पीकर, पट्टी, वायर, चार्जर आणि मजुरी धरून तीन हजारांच्या आत. उरलेल्या पैशांत मेहुण्यानं मला न विचारता डॅशबोर्डवर निळे दिवे बसवून घेतले. त्यांचा आवाजाशी काही संबंध नाही, पण मी विरोध केला नाही. दारातल्या पट्ट्या कोणाला दाखवता येत नाहीत. पाहुण्यांसमोर पॅनेल उघडून "बघा, भोकं कशी बुजवलीत" असं म्हणता येत नाही. खर्च केल्याचं दिसावं एवढी माफक अपेक्षा माणसाची असतेच.

परवा मार्केट यार्डात दुसऱ्या एका पिकअपवाल्यानं आत डोकावून, गाणं ऐकून विचारलं, "भारी वाजतंय. किती वॅटचं?"

मी "वीस" म्हणायला तोंड उघडलं, तोच मेहुणा म्हणाला, "दोनशे आठ."

तो निघून गेल्यावर मी मेहुण्याला पुन्हा वर्ग, भागाकार आणि फ्यूज समजावू लागलो. त्यानं मला मधेच थांबवलं.

"दाजी, तुमचं गणित बरोबर आहे. पण मघाशी त्यानं टोमॅटोचा भाव काय सांगितला? क्रेटला सहाशे. त्याची पट्टी मी बघितलीय, चारशे वीस लागलाय. आता त्याला मी वीस वॅट सांगू?"