म्हैसूरचे सोमवारकर

सोमवारकर हे आडनाव नव्हे, वाण आहे. डाएट सोमवारीच सुरू करायचं, ही त्यांची पहिली खूण. म्हैसूरला स्थायिक झालेले मराठी सोमवारकर त्यासाठी पुण्याच्या भाच्याकडून दिवसातून दोनदाच जेवा म्हणणाऱ्या डॉ. दीक्षितांचं पुस्तक मागवून घेतात, ही दुसरी. पहाटे कुक्करहळ्ळी तळ्याला फेरी, मनगटावर पावलं मोजणारं घड्याळ. घर सरस्वतीपुरमला, तळ्याला लागूनच. तरी स्कूटरची परतीची वाट जाते ती शहराच्या पार दुसऱ्या अंगाने, नझरबादच्या मैलारी हॉटेलावरून! केळीच्या पानावर लुसलुशीत डोसा येतो, वर लोण्याचा गोळा. सोमवारकर तो निग्रहाने बाजूला सारतात आणि त्याच्याकडे बघत बसतात. तोवर तो वितळून डोशात शिरलेला असतो. मग ‘आता मोडलंच आहे तर...’ म्हणत दुसरा डोसा सांगितला जातो. येताना सय्याजीराव रस्त्यावरून पाव किलो म्हैसूरपाकही येतो, कारण उद्यापासून तो बंद व्हायचा असतो.

घरचे याला मनाचा कच्चेपणा म्हणतात. मला तो आरोप अन्यायाचा वाटतो. कच्चा आहे तो कडक बंदीचा नियम. हर्मन आणि मॅक या मानसशास्त्रज्ञांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही तरुणींना आधी मिल्कशेक पाजला, मग चव सांगायला म्हणून हवं तेवढं आइस्क्रीम पुढे ठेवलं. एरवी मोकळेपणी जेवणाऱ्यांनी आइस्क्रीम कमी खाल्लं. खाण्यावर सतत लगाम ठेवणाऱ्यांनी उलट जास्त. व्रत एकदा मोडलं की हिशेब संपला! (आपण याला ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतो, आइस्क्रीमचा खर्च वाचला.) मिनेसोटातल्या १९४४-४५च्या प्रयोगात अर्धपोटी ठेवलेले धडधाकट तरुण पाककृतींची पुस्तकं वाचू लागले होते. सोमवारकर रात्री अंथरुणात यूट्यूबवर पुरणपोळी बघतात, ती याच जातीची भूक.

मग कोणतं डाएट बरं? अमेरिकेत १६० जणांवर वर्षभर चार डाएटं ताडून पाहिली गेली; निष्कर्ष २००५ साली आले. चारींत फारसा फरक नव्हता. ज्याने जे जितकं पाळलं, तितकं त्याचं वजन उतरलं. यावर कोणी विचारेल, बंदी टिकत नाही म्हणता, तर आजीचा चातुर्मास चार महिने कसा टिकायचा? टिकायचा, कारण आजीला रोज काही ठरवावंच लागत नसे. ठरवायचं ते पंचांग, आणि स्वयंपाकघर त्याच्यामागून चालायचं. कांदा-लसूण घरात शिजतच नसे, मग तो बाजूला सारायचा प्रश्न कुठला? शिवाय ती वजनकाट्यावर उभी राहत नसे. साबुदाण्याच्या खिचडीने कोणी बारीक झाल्याचं ऐकिवात नाही, पण व्रत मात्र पार पडायचं.

तेव्हा सोमवारकर, तळ्याची फेरी झाली की स्कूटर सरळ घराकडे वळवा. मैलारीला रविवारी जा, आणि लोणी बाजूला सारू नका.