पाच गुंठे कोळसा

येळवशीच्या दिवशी आमच्या शिवारात जमिनीपेक्षा काळं सहसा काही नसतं. मागच्या वेळी होतं. पुतण्याच्या तळहातावर, दोन कॅप्सूल.

येळवस किंवा वेळ अमावस्या म्हणजे काय, हे धाराशिव-लातूरकडच्या माणसाला सांगावं लागत नाही आणि बाकीच्यांना सांगून कळत नाही. मार्गशीर्षातली अमावस्या. गावं ओस, रानं गजबजलेली. कडब्याची कोप, कोपीत पाच दगडांचे पांडव आणि त्यांच्यापुढे मांडलेला स्वयंपाक. त्यातला मुख्य पदार्थ भज्जी. भजी नव्हे, भज्जी. तुरीचे ओले दाणे, हरभरा, वाल, वाटाणा, हाताला लागेल ती पालेभाजी, वर बेसन आणि चिंच. शेंगावर्गातल्या झाडून सगळ्या भावकीला एका पातेल्यात आणणारा एवढा एकच पदार्थ मला माहीत आहे. सोबत बाजरीचे उंडे, तिळाची पोळी, खीर आणि बिंदगीतलं आंबील. बरं, एका रानात जेवून सुटका नसते. बांधावरून जाणाऱ्याला हाक मारून बसवतात. संध्याकाळपर्यंत चार कोपींवर चार वेळा भज्जी होते, आणि 'नको' हा शब्द त्या दिवशी कुणाला ऐकू येत नाही.

हिंजवडीहून आलेल्या पुतण्यानं पहिल्या पंगतीला बसण्याआधी त्या दोन कॅप्सूल तोंडात टाकल्या आणि वर आंबील प्यायला.

"काय गिळलालास रं?" आबांनी विचारलं.

"ॲक्टिव्हेटेड चारकोल, आबा. डिटॉक्स. गॅस होत नाही."

"मंजी कोळसा?"

"कोळसाच. पण ॲक्टिव्हेटेड. सक्रिय."

आबांनी उंड्याचा तुकडा भज्जीत बुडवला, थोडा विचार केला. "कोळसा एक पेटल्याला असतो, न्हाईतर इझल्याला. ह्यो तिसरा कुठला काढलाव?"

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. घरात एक निवृत्त विज्ञान शिक्षक असला की अशा प्रश्नांना घर शोधत हिंडावं लागत नाही. मी तीस वर्षं फळ्यावर तीन घागरींचं गाळणं काढत आलो. एका घागरीत वाळू, एकीत कोळसा, तिसरीत स्वच्छ पाणी. कोळसा काय करतो, असं एखाद्या पोरानं विचारलंच तर "वास घालवतो" असं म्हणून मी पुढच्या आकृतीकडे जात असे. तीस वर्षांत त्यापुढे कुणी विचारलं नव्हतं. आबांनी विचारलं, वयाच्या ब्याऐंशीव्या वर्षी.

तेव्हा हा तिसरा कोळसा असा. लाकूड किंवा नारळाची करवंटी आधी कमी हवेत जाळतात. इथपर्यंत आपली वेड्या बाभळीची भट्टी आणि तो कारखाना यांत फरक नाही. मग त्या कोळशाला 800 ते 1000 अंश सेल्सिअसला वाफेचा मारा देतात. वाफ त्याला आतून कुरतडते. इतकी बारीक भोकं, भोकांत भोकं, की एका ग्रॅमच्या आतल्या भिंती उलगडून पसरल्या तर साधारण 1000 चौरस मीटर भरतात.

चौरस मीटर म्हटल्यावर आबांचं लक्ष उडालं. मी हिशेब बदलला. "आबा, एका ग्रॅममध्ये धा गुंठे."

आता मात्र पंगत थांबली. आमच्या भावकीत दहा गुंठ्यांवरून लोक एकमेकांच्या लग्नाला जात नाहीत. चार ग्रॅमला एकर! पुतण्याची एक कॅप्सूल 250 मिलिग्रॅमची, म्हणजे अडीच गुंठे. त्यानं नुकतेच आमच्यासमोर पाच गुंठे गिळले होते. साठ कॅप्सूलच्या बाटलीत पावणेचार एकर, आणि सातबाऱ्यावर नोंद नाही.

"पिकतं काय त्यात?" आबा म्हणाले.

पिकत काही नाही, बसतं. कोळसा स्पंजासारखा पीत नाही. गुळाच्या ढेपेवर माश्या बसाव्यात तसे पदार्थांचे रेणू त्याच्या भिंतींवर जाऊन बसतात. पुस्तकात याला अधिशोषण म्हणतात. शोषण वेगळं, अधिशोषण वेगळं, हा दोन मार्कांचा प्रश्न होता. आजीच्या राखुंडीत किंवा करपलेल्या भाकरीत या कामाची एवढी जागा नसते. करपलेली भाकर खाल्ली की पोहता येतं, असं आजी सांगायची. मी पुष्कळ खाल्ली. पोहता येतं की नाही हे कळायला विहिरीत पाणी लागतं, आणि आमच्या लहानपणी ते ऐन वेळी नसायचं.

भोकांचा हा उपयोग माणसाला विषापासून कळला. 1831 मध्ये तुएरी नावाच्या फ्रेंच औषधविक्रेत्यानं पॅरिसच्या वैद्यक अकादमीसमोर स्ट्रिक्निन, म्हणजे आपल्या कुचल्यातलं विष, मारक मात्रेच्या दहापट घेतलं आणि त्याबरोबर 15 ग्रॅम कोळसा. तो जगला. 15 ग्रॅम म्हणजे बरोबर पुतण्याची अख्खी बाटली. त्याची बायको त्या सभेला होती का, याची नोंद मला कुठे दिसली नाही.

दवाखान्यात आजही कोळसा हेच काम करतो, पण तिथे मात्रा 50 ते 100 ग्रॅमची असते. पन्नास ग्रॅम धरले तरी साडेबारा एकर. तोही साधारण तासाभरात पोटात गेला तर उपयोगाचा. आणि सगळ्यांना तो पकडत नाहीच. दारू त्याच्या हातून निसटते, लोहाच्या गोळ्या निसटतात, ॲसिड निसटतं. फवारणीच्या औषधांचं म्हणाल, तर श्रीलंकेत साडेचार हजारांहून जास्त विषबाधा झालेल्या रुग्णांवर मोठी चाचणी झाली. 2008 मध्ये तिचा निकाल आला. पुन्हापुन्हा कोळसा दिल्यानं मृत्यू कमी झाले नव्हते. त्यामुळे रानात कुणाच्या पोटात भलतंच गेलं तर बाटली शोधत बसू नये, गाडी काढावी. हे मी पंगतीत बोललो नाही. सणाच्या दिवशी ते बोलायचं नसतं, आणि आमच्या बाजूला ते कुणाला माहीत नाही असंही नाही.

पुतण्याचा दावा विषाचा नव्हताच, गॅसचा होता. त्यात त्याची बाजू अगदीच पडकी नाही. 1986 मध्ये एक चाचणी अमेरिकेतल्या आणि भारतातल्या अशा दोन्ही पोटांवर झाली, आणि दोन्हीकडे कोळशानं गॅस कमी झाला. युरोपातल्या नियमांत जेवणाआधी निदान अर्धा तास एक ग्रॅम आणि जेवणानंतर लगेच एक ग्रॅम घेतला, तर 'पोट फुगणं कमी होतं' असं लिहायला परवानगी आहे. म्हणजे अर्धा एकर. पाच गुंठ्यांत ते होईल असं तिथंही कुणी लिहिलेलं नाही.

उलट बाजूला मिनियापोलिसचे डॉक्टर मायकेल लेव्हिट. या माणसानं आयुष्याचा मोठा भाग लोकांच्या अपानवायूचा अभ्यास करण्यात घालवला. अशा माणसाला मी हसत नाही. कुणीतरी ते करायला हवं होतं. 1999 मध्ये त्यांच्या गटानं पाच जणांना आठवडाभर कोळसा खाऊ घालून पाहिलं. वायू तेवढाच, वासही तसाच. कोळसा आतड्याच्या शेवटापर्यंत पोचेतो त्याच्या भोकांत वाटेतल्या कशाकशानं जागा धरलेली असावी. नवरात्रात तुळजापूरहून येणारी एसटी आपल्या फाट्यावर थांबते, पण आत शिरायला जागा नसते, तसं. पुढे 2005 मध्ये याच गटानं कोळशाचं अस्तर लावलेल्या चड्ड्या तपासल्या. गंधकाचा वायू त्यांनी जवळजवळ सगळा अडवला. तात्पर्य, कोळसा गुणी आहे, आपण त्याला चुकीच्या टोकाकडून आत पाठवतो.

हे ऐकून आबांनी एवढंच विचारलं की धोतरासाठी काही निघालंय का.

संध्याकाळी पुतण्या बाटली माझ्यापाशी ठेवून गेला. "काका, तुम्हीच घ्या. तुम्हाला इंटरेस्ट आहे." मी घेतली. पाच दिवस सकाळी दोन-दोन, रक्तदाबाच्या गोळीबरोबर, एकाच घोटात. काटकसर म्हणून. पाचव्या दिवसापर्यंत दोन गोष्टी घडल्या. शौचास काळी आली, तीही दोन दिवसांआड. आणि डॉक्टरांच्या यंत्रात रक्तदाब नेहमीपेक्षा वर.

डॉक्टर तरुण आहेत. माझे विद्यार्थी नाहीत, म्हणून मला रागावू शकतात. काळी शौच म्हटल्यावर आधी त्यांचा चेहरा बदलला, कारण पोटात रक्तस्राव झाला तरी शौच तशीच येते. मग मी कोळशाचं सांगितलं. ते खुर्चीत मागे टेकले.

"सर, तुम्ही ॲम्लोडिपिन कोळशाबरोबर घेताय?"

फिनलंडमध्ये 1997 साली हेच करून पाहिलेलं आहे. ॲम्लोडिपिनवर लगेच 25 ग्रॅम कोळसा दिला, तर 99 टक्के गोळी रक्तात गेलीच नाही. माझा कोळसा अर्ध्या ग्रॅमचा, पण गोळीही पाचच मिलिग्रॅमची. "कोळशामुळंच चढलं असं मी म्हणणार नाही," डॉक्टर म्हणाले, "तिळाच्या पोळीवर मीठमसाल्याचं काय काय झालं असेल. पण त्याला काय कळतं हो, हे विष आणि हे औषध? समोर येईल त्याला बसवून घेतो." येळवशीच्या माणसासारखाच झाला की, मी मनात म्हटलं. हाक मारायची, ओळख नंतर.

"आणि आतल्या जंतूंचं काय?" मी विचारलं. शिक्षकाची खोड.

एका माणसाच्या अंगात सुमारे 38 लाख कोटी जंतू राहतात, बहुतेक सगळे मोठ्या आतड्यात. 2016 च्या मोजणीतला हा अंदाज. सगळे मिळून वजन पाव किलोच्या आत. तुरीत-हरभऱ्यात काही साखरा अशा असतात की त्या तोडायचं हत्यार आपल्या पोटात नाही. रॅफिनोज, स्टॅकिओज. त्या न पचता खाली जातात आणि तिथं या मंडळींच्या हवाली होतात. हा सरळ बटईचा व्यवहार आहे. रान आपलं, बी आपलं, कष्ट त्यांचे. त्या बदल्यात ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात आणि मोठ्या आतड्याच्या अस्तराच्या पेशी बऱ्याचशा त्यावरच जगतात. वायू हा त्या मळणीचा भुसा. मळणी म्हटलं की भुसा उडणारच. त्यात हायड्रोजन, कार्बन डायऑक्साइड, कुणाच्या पोटात मिथेन. वासाचा भाग एक टक्काही नाही, पण नाव त्याचंच होतं.

पुतण्या याला घाण म्हणतो आणि 'डिटॉक्स' करतो. कसलं विष, असं मी त्याला फोनवर विचारलं तर तो म्हणाला, "जनरल." जनरल विष पकडणारा कोळसा अजून निघालेला नाही. बाजारातल्या कॅप्सूलनं आतल्या बटईदारांचं भलं होतं असं छातीठोकपणे सांगण्याजोगा पुरावा नाही. मात्र कोळशाला शिस्त लावली तर तो त्यांच्याही उपयोगी पडतो. फ्रान्समध्ये असा कोळसा बनवला, की त्यावरचं वेष्टण लहान आतड्याच्या शेवटाला सुटतं. तोवर प्रतिजैविक रक्तात गेलेलं असतं. जे उरून मोठ्या आतड्याकडे येतं आणि जंतूंच्या वस्तीवर नांगर फिरवतं, तेवढंच हा कोळसा वेशीवर धरतो. निरोगी माणसांना मॉक्सिफ्लॉक्सॅसिन देऊन पाहिलं, तर शौचातलं मोकळं औषध 99 टक्के कमी झालं आणि रक्तातलं तेवढंच राहिलं. जपानमध्ये 1991 पासून मूत्रपिंडाच्या रुग्णांना कोळशाचेच बारीक गोळे देतात. आतड्यातले जंतू इंडोल नावाचा पदार्थ बनवतात, तो तिथंच धरून ठेवायला. म्हणजे कोळशाला कुठं उतरायचं ते सांगावं लागतं. नुसतं "बघ रं बाबा आत काय हाय ते" म्हणून सोडलं, की तो रक्तदाबाची गोळी धरून आणतो.

बाटलीत अठ्ठेचाळीस उरायला हव्या होत्या, चव्वेचाळीस निघाल्या. चारांचा हिशेब लागेना. शेवटी आमच्या हिनंच कबूल केलं की दोन दिवस तिनंही खाल्ल्या, कारण मी खातोय तर काहीतरी असेल. तिला काहीच झालं नाही. ते तिला अजून खटकतं. मग तिनं त्या चव्वेचाळीस कॅप्सूल फोडून वाटीत ओतल्या आणि वाटी फ्रिजमध्ये ठेवली, लसणाच्या चटणीच्या शेजारी. चटणीचा वास आता दुधाला लागत नाही. पावणेतीन एकर त्या वाटीत पडून आहेत, आणि इतकं कसलेलं रान आमच्या घरात दुसरं नाही.

यंदाच्या येळवशीला पुतण्या आला, मोकळ्या हातानं. आल्याआल्या दोन वाट्या भज्जी, मग शेजारच्या कोपीवर एक, मग पुन्हा आमच्याकडे. आंबील रात्रभर बिंदगीत आंबलेलं, लसूण वर तरंगणारा. दिवस मावळला, पोरांनी हेंडगा पेटवला आणि तो घेऊन शेताला फेरी घालायला पळाली. कोपीपाशी आम्ही तिघंच उरलो. सगळं शिवार एकदम गप्प झालं, आणि त्या शांततेत पुतण्याच्या पोटातून एक लांबलचक, वळणं घेत जाणारा आवाज आला.

पुतण्या ओशाळला.

आबांनी अंधारातच बिंदगी त्याच्याकडं सरकवली. "वाटेकरी जेवलालेत तुजे," ते म्हणाले. "त्यास्नी आंबील वाढ."