मधल्या इयत्तांची पूर्वतयारी

महाराष्ट्रात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात दोन गोष्टींची वाट पाहिली जाते : पावसाची आणि गणवेशाची. पावसाचं निदान वेधशाळेला विचारता येतं.

शाळा १५ जूनच्या आसपास उघडतात, विदर्भात उन्हामुळे थोड्या उशिरा. त्या दिवशी पहिलीच्या बाळांचं औक्षण होतं, हातात गुलाब मिळतो, एखाद्या गावात बैलगाडीतून मिरवणूक निघते आणि मोठे साहेब फोटोपुरते मांडी घालून सतरंजीवर बसतात. दहावीच्या मुलांना गुलाब नसतो, पण दरारा असतो. त्यांच्यासाठी घरातला टीव्ही मुका होतो, मावशीच्या घरचं कार्य पुढे ढकललं जातं आणि परीक्षा जवळ आली की जिल्हाधिकाऱ्यांपासून पोलिसांपर्यंत सगळी यंत्रणा जागी होते. या दोन टोकांच्या मधे पाचवी ते आठवी असा चार वर्षांचा पट्टा आहे. इथे गुलाबही नाही आणि दराराही नाही. इथल्या मुलांच्या वाट्याला प्रयोग येतात. या पट्ट्यात यंदा प्रथमच पाऊल टाकणाऱ्या कुटुंबांसाठी जनहितार्थ ही मार्गदर्शिका. मागे पुढे कोरी पानं जोडलेली नाहीत. त्याचं कारण ओघात येईलच.

कलम पहिलं : झोप

मुलं रात्री उशिरा झोपतात, सकाळी लवकर उठतात, त्यांची झोप पुरी होत नाही, अशी काळजी २०२३ च्या डिसेंबरात तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी जाहीरपणे व्यक्त केली. सरकारनं ती मनावर घेतली आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये शासन निर्णय निघाला : पूर्व प्राथमिक ते चौथीचे वर्ग सकाळी नऊच्या आत भरवू नयेत. यातून बालविकासशास्त्रात मोलाची भर पडली ती अशी, की १ मे रोजी चौथीचा निकाल हातात पडला की मुलाची झोपेची गरज त्याच दुपारी संपते.

तेव्हा पाचवीच्या पालकांनी मे महिन्यातच सराव सुरू करावा. साडेपाचचा गजर लावावा. मूल उठत नाही, आई उठते, ही पद्धत प्रमाणित आहे. पावणेसातला रिक्षावाले काका हॉर्न वाजवतील. तोवर छोट्या सुट्टीचा डबा, मोठ्या सुट्टीचा डबा, पाण्याची बाटली, रेनकोट आणि काल रात्री साडेदहाला आठवलेला हिरवा कार्डशीट यांची जमवाजमव झालेली असावी. हिरवा कार्डशीट रात्री साडेदहाला कुठे मिळतो, हा प्रश्न अभ्यासक्रमाबाहेरचा आहे.

कलम दुसरं : गणवेश

शालेय कपड्यांत जगात एकच माप चालतं, त्याला ‘वाढत्या अंगाचं’ म्हणतात. पाचवीत शर्टाच्या बाह्या बोटांच्या टोकापर्यंत येतात, सातवीत त्या कोपरापाशी थांबतात. गणवेश मुलाला नेमका बसतो तो सहावीच्या सहामाहीपासून दिवाळीपर्यंत, आणि तेव्हा शाळेला सुट्टी असते.

सरकारी शाळांसाठी २०२४-२५ मध्ये ‘एक राज्य, एक गणवेश’ अशी योजना आली. आधी शाळा व्यवस्थापन समित्या गावातल्याच शिंप्याकडून कपडे शिवून घेत, ते फारच सोपं होतं. त्या वर्षी कापड राज्यपातळीवरून, शिलाई महिला आर्थिक विकास महामंडळाच्या मार्फत बचत गटांकडून, आणि दुसरा गणवेश स्काउट-गाइडचा. जून गेला, जुलै गेला. स्वातंत्र्यदिन आला तेव्हा कितीतरी शाळांतली मुलं मागच्या वर्षीच्याच कपड्यांत झेंड्याला सलामी देत होती. पुढे जे कपडे आले ते कुणाला ढगळ झाले, कुणाला घट्ट झाले. डिसेंबर २०२४ मध्ये निर्णय फिरला आणि गणवेश पुन्हा शाळा व्यवस्थापन समितीकडे, म्हणजे त्याच गावातल्या शिंप्याकडे परतला. राज्य एक राहिलं, हेही कमी नाही.

बूट-मोज्यांचीही योजना आहे : एका विद्यार्थ्याला एक जोडी बूट आणि दोन जोड्या मोजे, यासाठी १७० रुपये. हे उदाहरण आठवीच्या बुद्धिमत्ता चाचणीत घालावं, अशी आमची नम्र सूचना आहे. उत्तर काढणाऱ्या मुलाला थेट अर्थखात्यात घ्यावं.

खासगी शाळांत यातलं काही नसतं. तिथे सर्व काही वेळेवर मिळतं, फक्त एकाच दुकानात. पिवळ्याची ती विशिष्ट छटा शहरातल्या दुसऱ्या कुठल्याही दुकानदाराला माहीत नसते, हा निव्वळ योगायोग आहे. दुकानाची सक्ती नाही, असं शाळा लेखी कळवते. त्या पत्राच्या मागच्या बाजूला दुकानाचा पत्ता असतो.

कलम तिसरं : दप्तर

दप्तराचं ओझं कमी करण्याचा विचार या देशात बराच जुना आहे. प्राध्यापक यशपाल यांच्या समितीनं १९९३ मध्ये ओझ्याविना शिक्षणाचा अहवाल दिला. त्यानंतरच्या अहवालांचं एकत्रित वजन कुणी केलेलं नाही. २०२० च्या केंद्रीय धोरणानं तर दप्तर मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांहून जड नको, असं स्पष्टच सांगितलं. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. त्यातला एक किलो लिटरभर पाण्याची बाटली भरताच संपतो. उरलेल्या दोन किलोंत सात विषयांची पुस्तकं, वर्गपाठाच्या वह्या, गृहपाठाच्या वह्या, कंपासपेटी, दोन डबे आणि दप्तराचं स्वतःचं वजन बसवायचं असतं. नियम पाळण्याचा सोपा मार्ग एकच आहे : मुलाचं वजन वाढवा.

महाराष्ट्रानं २०२३-२४ मध्ये यावर स्वतःचा तोडगा काढला. दुसरी ते आठवीची पाठ्यपुस्तकं चार भागांत आली आणि प्रत्येक धड्यानंतर टिपणांसाठी कोरी पानं जोडली गेली, म्हणजे वहीची गरज उरणार नाही. पुस्तकात कोरी पानं आली, पण वही गेली नाही. पानांवर काय लिहायचं हे बऱ्याच वर्गांत ठरेना, म्हणून मुलांनी आपापल्या वकुबानुसार फुली-गोळा, क्रिकेटचे धावफलक आणि सरांची चित्रं काढली. जानेवारी २०२५ मध्ये कोरी पानं रद्द झाली. शिक्षणखात्यानं मुलांच्या कल्पनाशक्तीला सोडलेली ती एकमेव जागा होती, याची नोंद इतिहासानं घ्यावी.

नव्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना शाळा आहे. चांगली गोष्ट आहे. त्या दिवशी दप्तर न्यायचं नाही. फक्त माती, कुंडी, जुनी वर्तमानपत्रं, फेव्हिकॉल, रंगपेटी आणि आजोबांच्या बालपणाची माहिती न्यायची. प्रकल्प वडील रात्री जागून करतात, गुण मुलाला मिळतात आणि ‘अक्षर सुधारा’ हा शेरा ज्याचा त्याला बरोबर कळतो.

कलम चौथं : परीक्षा

आठवीपर्यंत कुणालाही त्याच वर्गात बसवायचं नाही, असं शिक्षण हक्क कायद्यात होतं. २०१९ मध्ये केंद्रानं कायदा बदलून राज्यांना मोकळीक दिली आणि महाराष्ट्रानं २०२३-२४ पासून पाचवी आणि आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झाल्यास पुनर्परीक्षा, त्यातही नापास झाल्यास पुन्हा तोच वर्ग. म्हणजे सहावी आणि सातवीत मुलगा सुरक्षित आहे. या दोन वर्षांत कुटुंबानं देवदर्शन उरकून घ्यावं.

शिष्यवृत्ती परीक्षेचं प्रकरण अधिक रंजक आहे. पिढ्यान्‌पिढ्या ती चौथी आणि सातवीला होती. २०१६-१७ पासून ती पाचवी आणि आठवीला गेली. २०२५ मध्ये ती पुन्हा चौथी आणि सातवीला नेण्याचं ठरलं. थोरलीनं पाचवीत घासून घासून वापरलेली मार्गदर्शकं, सराव प्रश्नसंच आणि शेजारच्या काकूंनी दिलेल्या खुणांसकट झेरॉक्स धाकट्यासाठी जपून ठेवणाऱ्या घरांना या निर्णयानं रद्दीवाल्याशी पुन्हा जोडून दिलं. पुण्याच्या अप्पा बळवंत चौकातल्या दुकानदारांच्या चेहऱ्यावर मात्र जूनमध्ये दिसते तशी निर्मळ शांतता आपल्याला कुठल्याही ध्यानकेंद्रात दिसणार नाही.

भाषेचंही तसंच. पहिलीपासून हिंदीचा शासन निर्णय एप्रिल २०२५ मध्ये निघाला, १७ जूनला सुधारला गेला आणि २९ जूनला मागे घेतला गेला. तेवढ्यात मोर्चे ठरले, रद्द झाले, विजयी मेळावा भरला. मराठी शाळांत पाचवीपासून हिंदी वर्षानुवर्षं शिकवली जाते. ती कशी शिकवली जाते, हे विचारायला त्या गदारोळात कुणी पाचवीच्या वर्गात डोकावल्याचं ऐकिवात नाही. मधल्या इयत्तांवर भांडण करण्याइतकाही कुणाला रस नाही.

कलम पाचवं : कागदपत्रं

मूल शाळेत जातं, पण प्रवेश त्याच्या नावाला मिळतो. हे नाव आधार कार्ड, शाळेचं जनरल रजिस्टर आणि यू-डायस प्रणाली या तिन्ही ठिकाणी एकसारखं असावं लागतं. मगच बारा अंकी ‘अपार’ क्रमांक तयार होतो. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ कमी पडला तर संगणकाच्या लेखी ते दुसरंच मूल असतं.

त्यातच १ मे २०१४ रोजी आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या नावात आईचं नाव घालणं राज्य सरकारनं २०२४ मध्ये बंधनकारक केलं. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, शेवटी आडनाव. निर्णय स्वागतार्हच आहे. साडेपाचला उठणाऱ्या बाईचं नाव कुठेतरी यायलाच हवं होतं. मात्र त्या तारखेनंतर जन्मलेली पहिलीवहिली तुकडी आता याच मधल्या इयत्तांत आहे. त्यामुळे दाखल्यावरचं नाव चार शब्दी आणि आधारवरचं तीन शब्दी, असा जुळ्यांचा वर्ग ठिकठिकाणी भरणार आहे. रजेचा अर्ज आत्ताच टाकून ठेवा.

कलम सहावं : प्रवास

चौथीनंतर गावातली शाळा संपते आणि पाचवीसाठी दुसऱ्या गावचं हायस्कूल गाठावं लागतं, अशी गावं कमी नाहीत. मुलींसाठी अहिल्याबाई होळकर योजनेत पाचवीपासून एसटीचा पास मोफत आहे. पास मोफत मिळणं ही एक योजना झाली. बस येणं ही वेगळी योजना आहे, तिचा शासन निर्णय अजून निघायचा आहे.

कलम सातवं : पालकांचा व्हॉट्सअॅप ग्रुप

शैक्षणिक वर्षाची खरी सुरुवात शाळेच्या घंटेनं होत नाही. ‘सहावी ब पालक’ असा ग्रुप तयार झाला की होते. इथली भाषा शिकून घ्यावी लागते. “आमचं विज्ञान झालं, इतिहास राहिलाय,” असं एक बत्तीस वर्षांची बँक अधिकारी म्हणते. “आमची वही आज घरी राहिली,” असं कंपनीतले एक मोठे साहेब कळवतात. “उद्या निळा पेन चालेल की काळाच लागेल?” या प्रश्नावर मध्यरात्रीपर्यंत एकशे चाळीस निरोप पडतात. मधेच कुणीतरी चुकून सासूबाईंसाठीचा सुविचार टाकतं, त्याला तीस जण हात जोडतात. हे सगळं चालू असताना ज्याचा पेन आहे तो मुलगा शेजारच्या खोलीत गाढ झोपलेला असतो. त्याला माहीत असतं, कुठलाही पेन चालतो.

आता शेवटचं आणि एकमेव गंभीर कलम. ते मुद्दाम शेवटी ठेवलं आहे, कारण इथपर्यंत ग्रुपवर कुणी वाचत नाही.

शिक्षण हक्क कायद्यानुसार सरकारी आणि अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि एकूण सदस्यांपैकी निम्म्या महिला असाव्या लागतात. गणवेश कुठे शिवायचा, शाळेचा पैसा कुठे जातो, हे विचारण्याचा अधिकार त्या समितीला आहे. खासगी शाळांसाठी २०११ चा शुल्क विनियमन कायदा आहे. वर्ष सुरू झाल्यापासून तीस दिवसांच्या आत पालक-शिक्षक संघ बनवायचा, इच्छुक पालकांतून सोडत काढून कार्यकारी समिती निवडायची आणि शुल्काचा प्रस्ताव तिच्यापुढे मांडायचा, असं त्यात लिहिलं आहे. ‘इच्छुक’ या शब्दाशीच बहुतेक ठिकाणी घोडं अडतं. निळ्या पेनावर एकशे चाळीस निरोप टाकणाऱ्यांतले सभेला चार येतात. त्यातले दोघे बायोमेट्रिक हजेरीसाठी ऑफिसला जायचं म्हणून मधेच उठतात आणि उरलेल्या दोघांच्या सह्यांनी शुल्कवाढ मंजूर होते.

मग ऑगस्टमध्ये गणवेश आला नाही, डिसेंबरात निर्णय फिरला, दुकानदारानं पिवळी छटा महाग केली, की आपण सरकारला आणि संस्थेला नावं ठेवतो. ती ठेवावीतच. पण मधल्या इयत्तांवर प्रयोग होतात ते तिथे विचारणारं कुणी नसतं म्हणून. पहिलीला साहेब येतात आणि दहावीला पेपरवाले येतात. पाचवी ते आठवीसाठी यायचं ते आपणच. तेव्हा वह्यांना खाकी कव्हरं उद्या घातली तरी चालेल. जुलैतल्या त्या सभेची तारीख मात्र आजच शाळेत विचारून घ्या, आणि शेवटपर्यंत बसा.