गुंठा तोडण्याची आणि फलक टांगण्याची शास्त्रोक्त पद्धत

मोहने, आंबिवली, अटाळी, बल्याणी या पट्ट्यात जमिनीच्या धंद्यात उतरू पाहणाऱ्या होतकरूने आधी भूगोल समजून घ्यावा. कसारा मार्गावर आंबिवली स्टेशन, पलीकडे उल्हास नदी आणि 2009 साली बंद पडलेली एनआरसी कंपनी. एकेकाळी इथे कंपनीची नोकरी सांगून मुलगी मागत. आता गुंठे सांगतात.

गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट. 1947 च्या तुकडेबंदी कायद्याला एवढासा तुकडा चालत नाही. 2023 च्या अधिसूचनेप्रमाणे जिरायत किमान 20 गुंठे हवी, बागायत 10. म्हणजे एकरभर जिरायतीत कायद्याला दोनच तुकडे दिसतात. फक्कीची गोणी हाती असलेल्या माणसाला चाळीस दिसतात. त्याने सकाळी लवकर फक्की मारावी, कोपऱ्यांवर सिमेंटचे खांब रोवावेत, मधला रस्ता 20 फुटी सांगावा आणि 10 फुटी ठेवावा. व्यवहार अर्थात नोटरीवर. ऑक्टोबर 2024 पासून 100 चा स्टॅम्पपेपर गेला, 500 चा आला. तेवढा भुर्दंड घेणाऱ्यावरच टाकावा. शिक्का गोल उमटला की घेणाऱ्याला समाधान मिळते. मालकी मिळत नाही, पण ती त्याने त्या दिवशी मागितलेलीही नसते.

यानंतर काहीही करू नये. या धंद्यातली खरी अक्कल हीच.

बेकायदा तुकडा नियमित करायचा तर 2017 च्या दुरुस्तीनुसार बाजारमूल्याच्या 25 टक्के भरावे लागत. ज्यांनी लगबगीने भरले ते फसले, कारण 2024 मध्ये तोच दर 5 टक्क्यांवर आला. 2025 मध्ये तर रहिवासी भागातले जुने तुकडे फुकटात नियमित करण्याचे ठरले. दिवाळीच्या सेललाही इतकी सूट नसते. गुंठेवारीचेही तेच: 2001 च्या कायद्यात 1 जानेवारी 2001 ही शेवटची तारीख होती, ती पुढे 31 डिसेंबर 2020 झाली. तेव्हा होतकरूने भिंतीवर कायद्याचे पुस्तक नको, कॅलेंडर लावावे.

एक बारीक अक्षरातली सूचना मात्र वाचावी. तुकडेबंदीतली माफी मिळते ती जमिनीच्या व्यवहाराला, त्यावर उठवलेल्या चाळीला नव्हे. कल्याण-डोंबिवलीत बनावट परवानग्यांवर उभ्या राहिलेल्या 65 इमारती पाडण्याचा आदेश उच्च न्यायालयाने नोव्हेंबर 2024 मध्ये दिला. तिथल्या कित्येक रहिवाशांनी रेरा क्रमांक पाहून, बँकेचे कर्ज काढून घरे घेतली होती. बिल्डर पैसे घेऊन मोकळा झाला, हप्ते मागे राहिले.

आता फलक. 2022 च्या दुरुस्तीनंतर दुकानाची पाटी मराठीत, देवनागरीत हवी आणि इतर भाषेतली अक्षरे तिच्याहून मोठी नकोत. मुंबईतल्या व्यापाऱ्यांना हे पटवायला सर्वोच्च न्यायालयाला सप्टेंबर 2023 मध्ये दोन महिन्यांची मुदत द्यावी लागली. ‘सातबारासह प्लॉट, स्टेशनपासून 5 मिनिटे’ हा फलक मात्र पहिल्या दिवसापासून शुद्ध देवनागरीत असतो. गुंठा विकणाऱ्याने मनापासून पाळलेला हा बहुधा एकमेव नियम.

आकार बेताचा ठेवावा. घाटकोपरला मे 2024 मध्ये कोसळलेला फलक 120 बाय 120 फुटांचा होता, मुभा 40 बाय 40 ची. 17 माणसे गेली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये कल्याणच्या सहजानंद चौकातही एक कोसळला आणि माणसे जखमी झाली. त्यामानाने विजेच्या खांबाला सुतळीने बांधलेल्या फ्लेक्सला ना कुणी स्थैर्याचा दाखला मागत, ना पालिकेची परवानगी. वर भाऊंचा वाढदिवस घालावा, शुभेच्छुकांच्या रांगेत स्वतःचा गॉगलवाला फोटो द्यावा, प्लॉटची माहिती खाली. वाढदिवस उलटून गेला तरी भाऊ उतरवायची हिंमत सहसा कुणी करत नाही.

मोबाईल नंबर वीतभर उंचीच्या अक्षरांत छापावा. घाबरायचे कारण नाही. गिऱ्हाईक तो धावत्या रिक्षातून वाचते. तक्रार झालीच तर गुन्हा अज्ञात इसमाविरुद्ध दाखल होतो.