सायकल बरी आहे ना?

रविवारी पहाटे माउंटन बाईक घेऊन पुण्यातल्या वेताळ टेकडीवर येणाऱ्या माणसाची पिशवी एकदा उघडून बघाच. जादा ट्यूब, पंक्चरचे पॅच, सोल्यूशन, टायर लिव्हर, अ‍ॅलन कीचा अख्खा संच, चेन तोडायचं हत्यार, चेनचं तेल (उन्हाळ्याचं वेगळं, पावसाळ्याचं वेगळं). पडल्यावर गिअरपाशी जी अ‍ॅल्युमिनियमची छोटी पट्टी वाकते, तिची जादा जोडही असते. सायकलीला काहीही झालं तरी ती जागच्या जागी बरी होऊन घरी जाते. स्वाराला काही झालंच, तर पिशवीच्या तळाशी एक चिकटपट्टी असते. तीही घामाने भिजून स्वतःच्याच कागदाला कायमची चिकटलेली.

हे एकट्या आमच्या ग्रुपचं नाही, खेळाच्या रक्तातच आहे. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या माउंट तामल्पाइसजवळच्या एका उतारावर काही हौशी मंडळी जुन्या, जाड टायरच्या सायकली बेफाम सोडायची. उलटं पॅडल मारून लागणारे ते ब्रेक इतके तापायचे, की हबमधल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि ते नव्याने भरावं लागायचं. म्हणून त्या उताराला नाव पडलं ‘रीपॅक’. 1976 पासून तिथे शर्यतीही झाल्या. म्हणजे या खेळाचा सगळ्यात गाजलेला उतार सायकलीच्या औषधपाण्यावरून ओळखला जातो. फुटलेल्या गुडघ्यांची आठवण कोणी ठेवली नाही.

मागच्या उन्हाळ्यात खाणीजवळच्या उतारावर आमच्यातले एक सॉफ्टवेअरवाले सुट्या मुरमावरून घसरले. पुढचा ब्रेक करकचून लागला आणि गृहस्थ हँडलवरून पलीकडे गेले. पडल्या पडल्या त्यांनी विचारलं, “सायकल बरी आहे ना?” आम्ही सगळे सायकलीकडे धावलो. चाक उचलून फिरवलं, सरळ फिरत होतं. गिअर पडत होते. सगळ्यांना हायसं वाटलं. तोवर गृहस्थांच्या कोपरातून निघालेला ओघळ घड्याळापर्यंत आला होता. त्यांनी तो पुसला आणि आधी घड्याळातली राईड थांबवली. सरासरी वेग पडायला नको.

वेताळ टेकडीवर पडण्याचा फायदा असा, की तज्ज्ञांचा सल्ला तत्काळ आणि फुकट मिळतो. एक काका म्हणाले, हळद दाबा. दुसरे दगडीपाला शोधायला झुडपात शिरले. तिसऱ्यांच्या गावात म्हणे एक हाडवैद्य होता, तो एका झटक्यात हात बसवायचा, “मी ओढून बघू का?” चौथ्यांनी जखमेकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांना एवढंच हवं होतं, की टेकडीवर सायकली आणायला परवानगी कोणी दिली.

“बाजूला व्हा सगळे. हळद भाजीत घाला.”

सलवार-कमीज, पायात स्पोर्ट्स शूज, हातात कुत्र्यांसाठी काठी. निवृत्त परिचारिका. आमच्या पाण्याच्या बाटल्या त्यांनी हुकमी हाताने गोळा केल्या आणि एकेक करून कोपरावर ओतल्या. मुरमाचे लाल कण वाहून जाईपर्यंत. आमच्या कॅप्टननी अभिमानाने कापसाचा गुंडाळा पुढे केला. “कापूस जखमेवर ठेवायचा नसतो, तंतू चिकटतात. गॉज आहे?” नव्हता. मग स्वतःच्याच धुतलेल्या रुमालाची घडी करून त्यांनी ती कॅप्टनच्या हाताखाली दिली. “दाबून धरा. दहा मिनिटं. दर मिनिटाला उचलून बघू नका, दुधाचं पातेलं नाही ते.”

कॉलरबोनवर टेंगूळ आलं होतं. काकूंनी ते ओढलं नाही, चोळलं नाही. ओढणीची तिकोनी झोळी करून हात छातीशी बांधला. मग विचारलं, “धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलंत?”

“पण काकू, गंजलेलं काही लागलेलं नाही.”

“धनुर्वाताचे जंतू मातीत आणि शेणात असतात. तुम्ही आत्ता कशात बसलायत?”

गृहस्थ थोडे सरकून बसले. या इंजेक्शनचा डोस दहा वर्षांनी पुन्हा घ्यायचा असतो. मातीने माखलेली मोठी जखम असेल तर पाच वर्षं उलटली तरी डॉक्टर तो देतात. आमच्यापैकी प्रत्येकाला चेन शेवटची कधी बदलली ते आठवत होतं. इंजेक्शनचं मात्र कोणालाच आठवेना.

डोक्याला मार बसलाय का, हेही त्यांनी तपासलं. उलटी, गुंगी, एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारणं यांपैकी काही दिसलं तर थेट रुग्णालय. यातलं शेवटचं लक्षण आमच्याकडे बिनकामाचं. आमचे बँकवाले काका निघाल्यापासून ‘नाश्ता कुठे?’ एवढंच विचारत असतात. हेल्मेटला तडा गेला होता. आतला फोम एकदाच चेपतो आणि तेवढ्यात आपलं काम करून जातो. ते हेल्मेट पुन्हा घालायचं नसतं. किंमत आठवून गृहस्थ पहिल्यांदाच विव्हळले.

मग 108 ला फोन. पलीकडून विचारलं, जवळची खूण सांगा. कॅप्टन म्हणाले, “गिरिपुष्पाचं झाड आहे.” वेताळ टेकडीवर दुसरं झाड शोधावं लागतं! शेवटी फोनवरचे अक्षांश-रेखांश वाचून दाखवले, तेव्हा गाडी कोणत्या फाटकाशी येणार ते ठरलं.

तेव्हा मंडळी, चेनच्या तेलाची एक बाटली कमी करा. त्या जागेत गॉजच्या घड्या, क्रेप बँडेज, तिकोनी पट्टी, चिकटपट्टीचं रीळ, हातमोजे आणि ओआरएसची पाकिटं आरामात बसतात. कागदावर रक्तगट आणि घरचा नंबर लिहून ठेवा, कारण मोबाईलचं लॉक तुम्ही बेशुद्ध असताना उघडत नाही. आणि हे पाउच सीटखाली लटकवू नका, स्वतःच्या पाठीवर घ्या. उतारावर सायकल आणि स्वार पुष्कळदा वेगवेगळ्या दिशांना जातात, आणि गॉज सायकलीला लागत नाही.